घरात दहा, रेंजवर सात

पत्र : मी बेचाळीस वर्षांची, जुळे सोलापूरला राहते, बँकेत नोकरी करते. मुलीला नेमबाजीच्या रेंजवर सोडायला जायचे, तिथं बसून कंटाळा यायचा म्हणून एक दिवस मीच पिस्तूल हातात घेतलं. दहावी आली तशी मुलीनं सोडलं, मी सोडलं नाही. सिलिंडरवालं एअर पिस्तूल सेकंडहँड घेतलंय. ६० शॉटला सहाशेपैकी ५३० च्या आसपास येत होते. पण रेंज फक्त रविवारी जमते, म्हणून ह्यांनी नळीत बसणारा लेसर ऑनलाइन मागवून दिला. हॉलमध्ये पाच मीटरवर रेंजवरचाच कागद चिकटवते. लेसरला दोन बटणं आहेत. एकावर ठिपका सतत चालू राहतो, दुसऱ्यावर ट्रिगर सुटला की चमकतो आणि मोबाइलचं ॲप मार्क देतं. मला सतत चालू असलेलाच बरा वाटतो, हात किती हलतो ते दिसतं. आधी ठिपका वर आणि उजवीकडे पडायचा. ह्यांनी पिस्तुलावरच्या नेम धरायच्या साईटचे स्क्रू फिरवून तो मधोमध आणून दिला. आता घरी नऊ-दहाच्या खाली जात नाही, आणि रेंजवर ५०५, ५०२! शॉट खाली डावीकडे जातात. रेंजवर शिकवणारे सर म्हणतात, हे खेळणं आधी बंद करा. आठ हजार बाजूला काढलेत, त्यात यापेक्षा चांगलं काही घेऊ का? शिवाय समोरच्या गॅलरीतले काका विचारतात, 'घरात बंदूक आणली काय?' धाकटा नऊ वर्षांचा, तो ठिपका मांजराच्या मागं पळवतो. सासूबाईंना पिस्तूल देवघराच्या खोलीत नको. काय करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

आधी दाजींच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घ्या. माणूस मदतीलाच धावलाय, त्यांना बोलू नका, पण तुमच्या गेलेल्या पंचवीस-तीस मार्कांतला मोठा वाटा मला त्या स्क्रूंचाच दिसतो.

नळीतून निघणारा प्रकाश आणि नळीतून निघणारा छर्रा एका वाटेनं जात नाहीत. तुमच्यासारख्या पिस्तुलाचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं सुटतो. १० मीटर जायला त्याला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात तो दोन सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो. कागदावर एका रिंगेतून दुसऱ्या रिंगेत जायला ८ मिलिमीटर पुरतात, म्हणजे हे खाली येणं अडीच रिंगांचं झालं. तुमच्या सरांनी साईट लावून दिली तेव्हा ते त्यात धरलेलं होतं. प्रकाशाला असलं काही नाही, तो सरळ जातो. त्यात हे ऑनलाइन मिळणारे लेसर नळीच्या बरोबर मध्यरेषेत बसतातच असं नाही. खात्री करायची असेल तर पिस्तूल दोन उशांमध्ये घट्ट बसवा, लेसर चालू करा आणि तो नळीतल्या नळीत हळूहळू गोल फिरवा. भिंतीवरचा ठिपका जागचा हलला नाही तर लेसर सरळ आहे. ठिपक्यानं भिंतीवर वर्तुळ काढलं तर तो तिरका आहे, आणि त्याच्या साक्षीवर साईट बदलणं म्हणजे खोट्या काट्यावर सोनं मोजणं.

तुमच्याकडे झालं ते असं. लेसर वर-उजवीकडे दाखवत होता. दाजींनी त्याला खाली-डावीकडे आणलं. त्याच मापानं रेंजवरचा छर्राही खाली-डावीकडे गेला. येत्या रविवारी मॅचसारखे ६० शॉट मारू नका. आधी पाच-पाच शॉटचे दोन-तीन ग्रुप पाडा आणि कागद जवळ आणून बघा. पाचही भोकं एकमेकांच्या जवळ पण सगळी मिळून खाली-डावीकडे असतील, तर दोष साईटचा. सरांच्या समोर स्क्रू परत लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. भोकं विखुरलेली असतील आणि त्यातली काहीच खाली-डावीकडे पळत असतील, तर दोष बोटाचा. उजव्या हाताचा नेमबाज ट्रिगर हिसकतो तेव्हा शॉट नेमका तिकडंच जातो. तुमच्या बाबतीत दोन्ही असणार असं मला वाटतं. म्हणून आधी ग्रुप, मग निदान.

पुढं एवढं पाळा : साईट छर्र्याला जुळवायची आणि लेसर साईटला जुळवायचा. रेंजवर साईट लागली की ती घरी हलवायची नाही. घरी ठिपका चुकीच्या जागी पडत असेल तर लेसरच्या अंगावर बारीक स्क्रू असतात, ते फिरवा. ते नसतील तर ॲपमध्ये मधला बिंदू सरकवून घ्या. तेही जमत नसेल तर ठिपका दोन बोटं उजवीकडे पडतोय हे मनात धरा आणि फक्त सगळे ठिपके एका जागी पडतात का तेवढं बघा. कामापुरती माहिती त्यातूनही मिळते.

आता बोटाचं, म्हणजे खरं तर डोळ्याचं. तुमचं 'सतत चालू असलेलाच बरा वाटतो' हे वाक्य वाचलं आणि सर का चिडले ते कळलं. सतत चालू असलेला ठिपका भिंतीवर नाचत असतो आणि डोळा हलणाऱ्या गोष्टीमागं जातोच. डोळा भिंतीवर गेला की फ्रंट साईट, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा खुंट, पुसट होते. मग तुम्ही ठिपका दहावरून जाण्याची वाट बघता आणि तो आला की बोट ओढता. डोळ्यानं पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो, तोवर ठिपका पुढं गेलेला असतो. त्याला पकडायला बोट आणखी घाई करतं. रोज संध्याकाळी तुम्ही हिसका मारायचा सराव करताय, आणि पाच मीटरवर मोठ्या कागदावर तो खपून जातोय.

फ्रंट साईट पुसट झाल्यानं काय बिघडतं? थोडा हिशेब करू. तुमच्या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये ३२ सेंटीमीटरच्या आसपास अंतर असेल. फ्रंट साईट मागच्या साईटच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर एका बाजूला सरकली, तर १० मीटरवर शॉट ३१ मिलिमीटर बाजूला जातो. दहाचा सात झाला! उलट, साईट खाचेत मधोमध आहे आणि अख्खा हातच १ मिलिमीटर सरकला, तर शॉटही १ मिलिमीटरच सरकतो. त्यानं दहा हलतसुद्धा नाही, दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची आहे. म्हणून सर सारखं 'साईट बघा, साईट बघा' ओरडतात. हात थोडा डोलणारच, तो कुणाचाही डोलतो. डोलणं चालतं, साईटचा मेळ मोडणं चालत नाही. आणि सतत चालू असलेला लेसर नेमकं उलट शिकवतो : डोलण्याकडं बघा, मेळ गेला खड्ड्यात.

तेव्हा ते सततवालं बटण आजपासून बंद. त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावा. ट्रिगर सुटल्यावर चमकणारं बटण मात्र कामाचं आहे, त्याच्याकडं येतो.

कागदाचं राहिलं. रेंजवरचा कागद पाच मीटरवर लावला की तो डोळ्याला दुप्पट मोठा दिसतो आणि तुमची प्रत्येक चूक निम्मी मोजली जाते. घरच्या नऊ-दहांतले बरेचसे तिथले आठ आणि सात आहेत, वाईट वाटून घेऊ नका. खऱ्या कागदावरचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचं असतं. पाच मीटरसाठी ते बरोबर निम्मं हवं, म्हणजे तीस मिलिमीटरला जरासं कमी, आणि दहाची रिंग पावणेसहा मिलिमीटरची. झेरॉक्सवाल्याला पन्नास टक्के लहान करून द्या म्हणा, झालं. एवढंसं बघून पहिल्या दिवशी हसू येईल, पण रेंजवरचं काळं वर्तुळ डोळ्याला एवढंच दिसतं.

उंचीचाही हिशेब असतो, तो बहुतेक जण विसरतात. रेंजवर कागदाचा मध्य जमिनीपासून १४० सेंटीमीटरवर असतो. तुमचा डोळा समजा १५० वर आहे, म्हणजे १० मीटरमध्ये नजर १० सेंटीमीटर उतरते. पाच मीटरमध्ये ती निम्मीच उतरली पाहिजे, म्हणून घरचा कागद १४५ वर लावा. तो १४० वरच लावला तर दंडाचा कोन बदलतो आणि खांदा रोज चुकीची उंची पाठ करतो. टेप घेऊन दाजींना हे काम द्या, त्यांचाही हातभार लागेल.

आता सरांच्या 'खेळणं' या शब्दाबद्दल. सर अर्धे बरोबर आहेत. लेसर हाच मुळात खेळण्यासारखा प्रकार असं म्हणाल तर मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतले खेळाडू चिडतील, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून त्यांच्या नेमबाजीत छर्रा नाहीच, सगळा लेसर आहे. आणि मोठे नेमबाज जे स्कॅटसारखं यंत्र वापरतात, ते नळीखाली बसवतात. पिस्तूल टार्गेटवर कसं आलं, शेवटच्या सेकंदात कुठं रेंगाळलं, ट्रिगर सुटताना कुठं निसटलं, याची रेघ ते संगणकावर वेगवेगळ्या रंगांत काढून दाखवतं. पण ती रेघ शॉट झाल्यावर बघायची असते, चालू असताना नाही. ते यंत्र आठ हजारांत येत नाही, आठ हजारांच्या जवळपासही येत नाही. कुणा मोठ्या अकादमीत असेल तर एखाद्या सकाळी जाऊन दहा-वीस शॉट त्याच्यावर मारून घ्या. विकत घ्यायची गरज मला या घडीला दिसत नाही.

तुमच्याकडं आहे त्यावर सराव कसा करायचा ते सांगतो. आठवड्यातून चार-पाच दिवस, वीस मिनिटं पुरेत. रविवारी एकदम दोन तास करण्यापेक्षा हे अंगी लागतं. सकाळी करा, बँकेतून दमून आल्यावर नको, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या दुपारी तर नकोच. घामेजलेल्या तळहातात ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, फिरते आणि मग तुम्ही दोष स्वतःला देत बसता.

पहिली काही मिनिटं कोरी भिंत. कागद नाही, लेसर नाही. पिस्तूल उचला, साईट खाचेत मधोमध, वरची रेघ सपाट, आणि ट्रिगरवर हळूहळू दाब वाढवत न्या. टक् झाल्यावरही साईट जागेवर दिसली पाहिजे. हललीच तर कुठं हलली ते सांगता आलं पाहिजे. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी उंच, जड नंदीध्वज पेलायचा सराव चालतो तेव्हा त्याला बाशिंग नसतं, साज नसतो, नुसतं वजन आणि तोल, तसं हे. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ५३० चे ५४५ झालेले मी पाहिलेत ते या कोऱ्या भिंतीवर, ॲपवर नाही.

मग कागद लावा आणि पंचवीसेक वेळा ड्राय फायर करा, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबा, अजून लेसर नाही. तुमच्या पिस्तुलात त्याची सोय असेल. बहुतेक सिलिंडरवाल्या मॅच पिस्तुलांत हवा न सोडता ट्रिगर टकटकवायची वेगळी खटकी असते. मॅन्युअल बघा किंवा सरांकडून समजून घ्या. (स्प्रिंगवालं पिस्तूल असलेल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांनी रिकामा बार उडवू नये. पुढं छर्रा नसला की आतला पिस्टन थेट आदळतो.) कागदावर टेबल लॅम्प सोडा. रेंजवर टार्गेटवर १५०० लक्स उजेड असावा असा नियम आहे, आपल्या हॉलमधली ट्यूबलाइट त्याच्या जवळपासही जात नाही. आणि पंखा बंद, नाहीतर कागद फडफडतो आणि तुम्हाला वाटतं हात हलतोय.

शेवटचे दहा शॉट लेसरचे, टक् झाल्यावर चमकणाऱ्या बटणावर. मोबाइल ट्रायपॉडवर, पण नेम धरताना स्क्रीन तुमच्या नजरेत नको. टेबल लॅम्प बंद करा, भगभगीत उजेडात ॲपला ठिपका सापडत नाही. कागदाच्या आसपास काचेची फ्रेम, टीव्ही, शोकेस असेल तर झाका. पाठीमागच्या फोटोच्या काचेवरून परतलेला ठिपकाही ॲप मार्क म्हणून धरतं, आणि आपण खुश. शॉट सुटला की ॲप बघण्याआधी मोठ्यानं बोलायचं : 'नऊ, थोडा डावीकडं.' रेंजवर याला कॉल देणं म्हणतात, सरांनी सांगितलं असेलच. साईट शेवटच्या क्षणी कुठं होती यावरून कॉल द्यायचा. त्यानंतर ॲप बघायचं. वहीत दोन रकाने करा, एकात तुमचा कॉल, दुसऱ्यात ॲपचा आकडा. दोन्ही जुळले तर शॉट सात असला तरी मनासारखा झाला, कारण तो का गेला ते तुम्हाला कळलं होतं. कॉल दहाचा आणि ठिपका सातवर, तर तुम्ही साईट बघतच नव्हता. लेसरचा खरा उपयोग एवढाच आहे, तो तुमच्या कॉलची तपासणी करतो. नेम धरायला त्याला बसवू नका.

ठिपक्याचा आकारही बघत जा. लेसर क्षणभर चमकतो. त्या क्षणी पिस्तूल स्थिर असेल तर गोल ठिपका पडतो, हलत असेल तर बारीक रेघ पडते. रेघ खाली-डावीकडं ओढलेली दिसली तर हिसका अजून आहे. मार्क दहा आणि रेघ लांब, तर तो दहा नशिबाचा.

दोन-तीन आठवडे घरचे आकडे पडतील. साताला सात म्हणायला लागल्यावर तसं होणारच. त्या काळात ॲपच्या ग्राफचे स्क्रीनशॉट कुणाला पाठवू नका, सरांनाही नाही. वही दाखवा. मला वाटतं वही बघून ते 'खेळणं' शब्द मागं घेतील.

आठ हजारांचं काय करायचं? तुमचं वय बेचाळीस, म्हणून आधी डोळ्याचं बघा. चाळिशीनंतर हाताच्या अंतरावरची गोष्ट स्पष्ट दिसायला डोळ्याला कष्ट पडतात, आणि फ्रंट साईट बरोबर त्याच अंतरावर असते. सकाळी स्पष्ट आणि चाळिसाव्या शॉटनंतर धूसर, असं होत असेल तर तो सराव कमी पडल्याचा दोष नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्यातून नेम धरू नका. मान जरा वर-खाली झाली की वेगळ्या नंबरातून बघितलं जातं. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला हात लांब करून साईट स्पष्ट दिसली पाहिजे, पलीकडचं टार्गेट थोडं धूसर चालेल. ते लांबच्या नंबरावर साधारण पाऊण नंबरापर्यंत वाढवून नेम धरायच्या डोळ्यासाठी साधी काच देतील. पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचनं खिशात हात घालून, साध्या चष्म्यावर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारातलं रौप्य नेलं, तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. त्याच प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंगचं कांस्य होतं. महागडी फ्रेम लागतेच असं नाही, पण नंबर मात्र बरोबर लागतो.

उरलेल्या पैशांत ग्रिप हाताला बसवून घ्या. सेकंडहँड पिस्तुलाची ग्रिप आधीच्या मालकाच्या हाताची असते. पकडल्यावर तळहात आणि लाकूड यांच्यात पोकळी राहत असेल तर तिथं पुट्टी भरून घासून घ्यावी लागते, ते सरांच्या देखरेखीखाली करा. आणि सेकंडहँड आहे म्हणून मुद्दाम सांगतो : सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती वाचा. असे बहुतेक सिलिंडर बनल्यापासून दहा वर्षं वापरायचे असतात. मुदत संपली असेल तर आठ हजार दुसऱ्या कशावर खर्च करायचा विचारच नको, आधी सिलिंडर. २०० बारचा दाब हाताशी घेऊन आपण उभे असतो. तो सिलिंडर उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत किंवा स्कूटीच्या सीटखाली ठेवायचा नाही, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो. काडतुसाच्या आकाराचे लेसर मिळतात, ते तुमच्या कामाचे नाहीत. ते ९ मिलिमीटर वगैरे बोअरच्या, म्हणजे तेवढ्या रुंद नळीच्या, खऱ्या शस्त्रांसाठी असतात, मागून पिन आदळली की चमकणारे. तुमची नळी ४.५ मिलिमीटरची. हुबेहूब खऱ्या पिस्तुलासारखी दिसणारी लेसर पिस्तुलंही परदेशातून मागवू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रतिकृतींसाठीही तरतुदी आहेत, पार्सल कस्टममध्ये अडकलं की निस्तरत बसाल. हिरवा, 'जास्त पॉवरफुल' लेसर नको. १ मिलिवॉटच्या आतला लाल पुरतो.

इथून मांजराकडे येऊ. ताई, तो लेसर धाकट्याच्या हातात द्यायचा नाही, मांजरामागेही नाही. चांगल्या कमी ताकदीच्या लेसरला डोळा स्वतःहून मिटतो आणि निभावतं. पण स्वस्तातल्या लेसरवर लिहिलेली ताकद आणि खरी ताकद यांचा मेळ असेलच असं नाही. मांजराच्याही डोळ्यांचा विचार करा. त्यातल्या बटण सेलवरही लक्ष ठेवा. ते पोटात गेले तर आतून भाजतात, तासाभराचीही वाट बघायची नसते, थेट दवाखाना गाठायचा. धाकट्याला आवड असेल तर शेजारी बसवून वहीत कॉल लिहायचं काम द्या. नऊ वर्षांच्या मनगटाला किलोभर वजनाचं पिस्तूल एका हातात झेपत नाही, हे त्याला एकदा तुमच्यासमोर, रिकामं पिस्तूल टेबलाकडं धरून उचलू दिलं की आपोआप पटेल.

घरच्या सरावाला माझी एक अट आहे, आणि तिच्यात सवलत नाही. सरावाच्या खोलीत छर्र्यांची डबी नको. सिलिंडर काढून ठेवा, बहुतेक पिस्तुलांची ड्राय फायर खटकी त्याच्याशिवायही चालते. नळी उघडून आत काही नाही हे रोज बघा, काल बघितलं होतं हे चालणार नाही. कागद दारावर लावू नका, मागून कुणीही येतं. भक्कम भिंत निवडा. सराव संपला की लेसर नळीतून काढा आणि त्याला लाल रिबन बांधून ठेवा. तो नळीत विसरून रेंजवर पहिला शॉट मारला तर काय होईल ते लिहायला नको. रिबन बाहेर लोंबत असली की विसरायला होत नाही.

समोरच्या काकांना चहाला बोलवा. पण आधी पडदा लावत जा. गॅलरीतून दिसतं ते एवढंच की बाई पिस्तूल रोखून उभी आहे. कुणीही दचकेल, आणि एखादा पोलिसांना फोनही करेल. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, तुमचं त्याच्या बरंच खाली आहे. तरी खरेदीची पावती, आधीच्या मालकाकडून घेतल्याचा कागद आणि रेंजचं ओळखपत्र पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. रविवारी रिक्षानं जाताना पेटी बंद, कुलूपबंद. जिन्यात कुणाला 'बघू बघू' म्हणून उघडून दाखवायची नाही. रील तर नकोच नको.

राहिल्या सासूबाई. त्यांचं मला पटतं, देवघराच्या खोलीत सगळ्यांची ये-जा असते, तिथं शस्त्र ठेवायचं कशाला? तुमच्या खोलीतल्या कपाटात, कुलूप लावून, पिस्तूल एका खणात आणि छर्रे दुसऱ्या खणात. किल्ली तुमच्याकडं आणि दुसरी सासूबाईंकडं. दसऱ्याला मात्र पेटी देवासमोर ठेवायला त्या स्वतःच सांगतील, तेव्हा सिलिंडर काढून ठेवा.